शाळेच्या वाचनालयासाठी पैसा: आधी यादी, मग अर्ज

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत पुस्तकांसाठी पैसा येण्याच्या वाटा चार-पाच आहेत. घोडं अडतं ते बहुतेकदा दुसरीकडेच. अनुदान आलं की खर्चाची घाई होते आणि कोणती पुस्तकं हवीत हे ठरलेलंच नसतं. मग पुरवठादार त्याच्याकडचा तयार संच आणून देतो. त्यात बारीक अक्षरातली, चित्रं नसलेली चरित्रं निघतात आणि ती वर्षानुवर्षं कपाटात कोरी राहतात. म्हणून कामाला जूनमध्येच लागा आणि सुरुवात यादीपासून करा.

यादीसाठी इयत्ता धरू नका, मुलाची वाचनाची पायरी धरा. पटावरची किती मुलं अक्षर-शब्दांवर आहेत, किती वाक्य वाचतात, किती सलग गोष्ट वाचतात ते मोजा. 60 पटाच्या शाळेत 30 मुलं शब्द-वाक्यांच्या पायरीवर असतील, तर निम्मी पुस्तकं पानाला एक-दोन ओळींची आणि मोठ्या चित्रांचीच हवीत. यादीत पाच रकाने पुरतात: नाव, प्रकाशक, छापील किंमत, पायरी, प्रती. दाखल नोंदवही, म्हणजे शाळेत आलेल्या पुस्तकांची वही, शेजारी ठेवूनच यादी करा, नाहीतर आहे तेच पुस्तक पुन्हा येतं. सर्वसाधारणपणे प्रत्येकाची एकच प्रत घ्या. गटवाचनासाठी निवडलेल्या दोन-तीन पुस्तकांच्या मात्र पाच-पाच प्रती हव्यात.

आता पैसा. समग्र शिक्षा अभियान या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेत सरकारी शाळांना दरवर्षी ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. प्राथमिक शाळेसाठी ही मर्यादा 5,000 रुपये, पहिली ते आठवीच्या शाळेसाठी 13,000 रुपये, आणि त्यावरच्या इयत्ता असलेल्या शाळांसाठी 20,000 रुपयांपर्यंत आहे. प्रत्यक्ष किती मंजूर झालं ते त्या वर्षीच्या पत्रात पाहा, कारण प्रत्येक वर्षी पूर्ण रक्कम मिळेलच असं नाही. आणखी एक गोष्ट मुख्याध्यापकांनी पक्की ध्यानात ठेवावी: हा पैसा शाळेच्या खात्यात साठून राहत नाही, तेवढ्या रकमेपर्यंत खर्च करण्याची मर्यादा मिळते. 31 मार्चपर्यंत देयक निघालं नाही तर ती मर्यादा परत जाते.

5,000 रुपयांत किती पुस्तकं बसतात? 600 रुपये चिकटपट्टी, पुठ्ठे, पुस्तकं टांगायची दोरी आणि कपड्यांच्या चिमट्यांसाठी बाजूला काढा. उरले 4,400. पातळ चित्रपुस्तकाची छापील किंमत सरासरी 65 रुपये धरली आणि 15 टक्के सूट मिळाली, तर एक पुस्तक साधारण 55 रुपयांना पडतं. म्हणजे 79-80 पुस्तकं झाली. 60 मुलांना माणशी एकाहून थोडं जास्त. एवढ्यात वर्ष निघत नाही, म्हणून बाकीच्या वाटा शोधाव्या लागतात.

ग्रामपंचायतीकडे पुस्तकांपेक्षा कपाट, उघडे रॅक, सतरंज्या, दिवे मागितलेले बरे. वित्त आयोगाच्या निधीतला बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो, तेव्हा मागणी अबंधित भागातून करा. ती गावाच्या विकास आराखड्यात नसेल तर पुढे काही हलत नाही. आराखड्याची चर्चा 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते आणि खर्च पुढच्या आर्थिक वर्षात होतो. त्यामुळे शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव सप्टेंबरमध्येच तयार हवा. 'वाचनालयासाठी मदत मिळावी' असा मोघम ठराव बाजूला पडतो. असा लिहा: '60 विद्यार्थ्यांसाठी चार फूट उंचीचे दोन उघडे लोखंडी रॅक, दरपत्रक सोबत जोडले आहे.' उंची मुद्दाम लिहायची, कारण सहा फुटी कपाटाच्या वरच्या फळीला पहिलीच्या मुलाचा हात पोहोचत नाही.

समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळा विकास आराखडा करणं हे शिक्षण हक्क कायद्यानं तिचं काम आहे. त्याच कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं व गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तकं हवीत, असं म्हटलं आहे. हे वाक्य ठरावात घाला. त्यानं मागणीला कायद्याचं बळ येतं.

कंपनीकडे जाणार असाल तर एक पान पुरे: यूडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), पट, पुस्तकांची यादी, एकूण रक्कम. नफ्यातले 2 टक्के सामाजिक दायित्वावर खर्च करण्याचा नियम मोठ्या कंपन्यांनाच लागतो. तालुक्यातल्या छोट्या कारखान्याकडे त्या नियमाचं नाव न काढता सरळ देणगी मागावी. केंद्र सरकारच्या विद्यांजली संकेतस्थळावरही सरकारी आणि अनुदानित शाळांना गरजेच्या वस्तूंची मागणी नोंदवता येते.

लोकवर्गणीसाठी 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन चांगला. पण 'जुनी पुस्तकं द्या' असं आवाहन करू नका. घरोघरची जुनी गाइडं आणि फाटकी पाठ्यपुस्तकं येऊन पडतात आणि देणाऱ्याला नाही म्हणणंही जड जातं. त्यापेक्षा यादीतलं एकेक नाव किमतीसह चिठ्ठीवर लिहून फळ्यावर लावा. माजी विद्यार्थी किंवा पालक चिठ्ठी उचलतो आणि नेमकं तेच पुस्तक येतं. रोख घेतली तर लगेच पावती द्या.

फुकट मिळणारं आधी घ्या आणि पैसा उरलेल्या गोष्टींवर खर्च करा. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत आहेत. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर पायरीनुसार लावलेल्या मराठी गोष्टी खुल्या परवान्यात मिळतात, त्या छापून शिवून ठेवता येतात. गावात सार्वजनिक वाचनालय असेल तर महिन्याला 30-40 बालपुस्तकं फिरत्या तत्त्वावर देण्याबद्दल त्यांच्याशी बोला. त्यांना मिळणारं शासकीय अनुदान मात्र शाळेला मागता येत नाही, कारण ते ज्या कायद्याखाली मिळतं तो सार्वजनिक ग्रंथालयांसाठी आहे.

खरेदीच्या वेळी तीन दरपत्रकं मागवा, पण प्रत्येकाला तुमची यादी द्या आणि छापील किमतीवर किती सूट देणार तेवढंच विचारा. यादी न देता आलेल्या दरपत्रकांची तुलनाच होत नाही. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. बिलात तो लावलेला दिसला तर बिल परत करा. रॅकवर मात्र तो लागतो, म्हणून दोन्हींची बिलं वेगळी घ्या. 'पुस्तक उपलब्ध नाही, बदली दिले' हे शिक्षकानं पाहिल्याशिवाय मान्य करू नका. मालाची मोजणी झाली की दाखल क्रमांक, शिक्का, नोंद, मग देयक आणि उपयोगिता प्रमाणपत्र, हा क्रम सोडू नका.

इतकं करूनही पुस्तकं कुलपातच राहिली तर त्यामागे बहुधा एकच भीती असते: हरवलं तर वसुली कोणाकडून? ही भीती खरी आहे आणि ती कागदावरच मिटवावी लागते. पुस्तकं मुलांच्या हातात दिली जातील, वापरानं काही फाटतील, काही हरवतील, असं समितीच्या ठरावात आधीच नोंदवा. एप्रिलमध्ये मोजणी करून फाटक्या-हरवलेल्यांची यादी समितीपुढे ठेवा आणि निर्लेखनाचा, म्हणजे ती पुस्तकं नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्ताव केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. मोजताना कोणतं पुस्तक वाचून-वाचून फाटलं तेही लिहा, कारण जूनच्या यादीत सगळ्यांत वर त्याच पुस्तकाच्या दोन प्रती हव्यात.