रस्ते वाळले, आता रानाची मोजदाद करा

भात कापून झालं, पायवाटा वाळल्या की टेम्पो थेट रानाच्या तोंडाशी येतो. नोव्हेंबरपासून पुढच्या पावसापर्यंतचे महिने म्हणूनच ऐन, किंजळ, खैर, बिबळा, साग आणि चंदनाच्या चोरट्या तोडीचे. पावसाळ्यात चिखलच राखण करतो. आता ती आपल्याला करायची आहे.

पहिलं काम मोजदादीचं. झाड उभं असेपर्यंत ते कुणाचं हे साऱ्या गावाला माहीत असतं. ओंडके गाडीत चढले की ते कुणाचेही होतात. टेप घ्या आणि जमिनीपासून 1.37 मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर, बुंध्याचा घेर मोजा. उतारावरच्या झाडाची उंची वरच्या अंगाने धरा. वहीत झाडाची जात, घेर आणि गट नंबर लिहा. मोबाईलवर लोकेशनसह फोटो काढा आणि त्यात विहीर, मोठा दगड अशी न हलणारी खूण येऊ द्या. बुंध्यावर रंगाने क्रमांक टाका, खिळा मात्र ठोकू नका. जखमेतून कीड-बुरशी शिरते.

ई-पीक पाहणीत, म्हणजे सातबाऱ्यावर पीक नोंदवायच्या सरकारी मोबाईल ॲपवर, बांधावरच्या झाडांचीही नोंद करता येते. नोंद केली तर पुढे झाड तोडता येणार नाही, अशा भीतीने बरेच जण ती टाळतात. ही भीती नुकसानीची आहे. साग, खैर, ऐन, किंजळ, बिबळा, चंदन, हिरडा, मोह, आंबा, फणस, जांभूळ ही झाडं 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत. स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय ती तोडता येत नाहीत, मग सातबाऱ्यावर नोंद असो वा नसो. उलट चोरी झाली तर मालकी दाखवायला हीच नोंद हाताशी असते.

ठेकेदाराला रान तोडीला देणार असाल तर फार जपा. कोऱ्या कागदावर सही देऊ नका. परवानगी किती झाडांची, कोणत्या जातीची, हे स्वतः वाचा आणि झाडांवर मार्किंग होताना तिथे हजर राहा. शेजारी वनजमीन असेल तर आधी मोजणी करून हद्दीच्या खुणा पक्क्या करा. वनजमिनीतून चोरलेला माल खासगी मालकीच्या लाकडासाठी मिळालेल्या वाहतूक पासावर (वाहतुकीच्या परवान्यावर) बाहेर काढायचा, हा चोरांचा जुना मार्ग आहे. त्यात पास तुमच्या नावाचा असतो, म्हणून चौकशीही तुमच्याच दारी येते. भारतीय वन अधिनियम, 1927 प्रमाणे अशा मालाबरोबर हत्यारं आणि गाडीही जप्त होते.

आठवड्यातून एक फेरी मारा, वेळ बदलून. चंदनाच्या खोडावर ताजं भोक किंवा साल तासलेली दिसली तर आतला सुवासिक गाभा तयार झालाय का ते कुणीतरी पाहून गेलंय, असं समजा. बुंध्याभोवती सालीचं कडं काढलं की वरून येणारं अन्न मुळांना मिळत नाही आणि उभं झाड वाळतं. मग ते ‘मेलेलं’ म्हणून मागायला माणूस येतो. बिबळ्याला घाव बसला की लालभडक डिंक ओघळतो, त्यामुळे त्याची जखम लांबूनही ओळखू येते.

रात्री कटरचा आवाज आला तर एकट्याने अंगावर जाऊ नका. वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनला कळवा आणि जमल्यास दुरून गाडीचा नंबर टिपा. खुंट, भुसा, चाकांच्या खुणा पंचनाम्यापर्यंत तशाच राहू द्या. खुंटाशेजारी टेप धरून फोटो काढा. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.

पंचनामा झाल्यावर खुंट उपटू नका, जाळू तर नकाच. साग, ऐन, किंजळ खुंटापासून चांगले फुटतात. भोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घाला, नाहीतर शेळ्या कोवळे धुमारे ठेवणार नाहीत. वर्षभराने जमिनीलगतचे एक-दोन जोमदार धुमारे ठेवून बाकीचे काढा. जुन्या मुळांच्या बळावर ते नव्या रोपापेक्षा लवकर वर येतात. चंदनाचं मात्र वेगळं आहे: तेल मुळांतही असल्याने चोर ते मुळासकट नेतो. तिथे नवीन रोपच लावावं लागेल, आणि तेही दुसऱ्या झाडाच्या जवळ, कारण चंदन शेजाऱ्याच्या मुळांतून पोषण घेतं.

खैराच्या शेंगा डिसेंबर-जानेवारीत तपकिरी होतात. कीड लागण्याआधी झाडावरूनच काढा आणि बी जूनपर्यंत कोरड्या जागी ठेवा.