लॅटिनमधले ‘लतुस्’ आणि ‘लातुस्’ कसे ओळखावेत

रोमन लिपीत छापलेल्या मजकुरात हे दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात. ‘संदर्भावरून अर्थ लागतो’ असं सर्रास सांगितलं जातं, त्यावर विसंबू नका. आधी रूप ओळखा, अर्थ नंतर.

कोशात दीर्घ स्वरावर आडवी रेघ असते. ती पाहून शब्द वहीत देवनागरीत उतरवा. ‘लातुस्, लाता, लातुम्’ हे विशेषण, अर्थ रुंद. ‘लतुस्’, षष्ठी ‘लतेरिस्’, हे नपुंसकलिंगी नाम, अर्थ बाजू किंवा बगल.

दुसरा ‘लातुस्’ म्हणजे वाहून नेलेला. ‘फेरो, फेर्रे, तुली, लातुम्’ ही ‘वाहून नेणे’ या क्रियापदाची मूळ रूपं, पाठच करा. ‘फेरो’ आपल्या ‘भृ’ धातूचा भाऊबंद, तर ‘तुली’ आणि ‘लातुम्’ ‘तुला’ म्हणजे तराजूच्या कुळातले. ‘लातिस्सिमुस्’सारखं तमभावाचं (‘सर्वांत रुंद’ अशा अर्थाचं) रूप दिसलं, तर तो रुंदच.

खरी अडचण ‘लतेरे’ची. माझे यात कित्येक आठवडे गेले, कारण इथे देवनागरीही मदत करत नाही. आपल्या ‘ए’ला ह्रस्व-दीर्घ नाही. मधला ए ह्रस्व असेल तर ही ‘लतुस्’ची पंचमी: बाजूने, बाजूवर. दीर्घ असेल तर ‘लपून असणे’ हे क्रियापद. सीझरच्या इ.स.पू. 58 च्या लढाईच्या वर्णनात ‘लतेरे अपेर्तो’ आलं, तेव्हा मी शत्रू लपलाय असं समजून पुढचा सगळा परिच्छेद चुकीचा लावला. म्हणून आधी शेजारचा शब्द बघाच. ‘अपेर्तो’ म्हणजे उघडा, तोही पंचमी एकवचनात. विशेषण जोडीला आहे म्हणजे ‘लतेरे’ नामच. हल्ला उघड्या बगलेवर झाला; ढाल डाव्या हातात असल्याने सैनिकाची उजवी बाजू उघडी राहते.

एवढ्यावरही थांबू नका. ‘लतेर्’ म्हणजे वीट, पुल्लिंगी. तिचीही पंचमी ‘लतेरे’च. षष्ठी आणि चतुर्थीही सारखी, तिथे मात्र अर्थावरच जावं लागतं. द्वितीयेत फरक उघड होतो: वीट ‘लतेरेम्’, बाजू ‘लतुस्’. अनेकवचनात विटा ‘लतेरेस्’, बाजू ‘लतेरा’.

ही वीट लक्षात ठेवायला कोकणातला जांभा आठवा. मलबारात असाच दगड कापून विटा करतात हे पाहून सर्वेक्षक फ्रान्सिस ब्यूकॅननने 1807 मध्ये त्याला ‘लॅटराइट’ म्हटलं, ते याच ‘लतेर्’वरून.