घरचे फोटो कंपनीच्या डब्यात अडकू देऊ नका

घरच्या नेटवर्कवर फाइली साठवणारा तयार स्टोरेज डबा (एनएएस) बंद पडला की बहुधा त्याच कंपनीचा दुसरा घ्यावा लागतो. आतली डिस्क दुसरीकडे सहजासहजी उघडत नाही. त्यापेक्षा घरातला जुना पीसी कामाला लावा.

१. छोट्या एसएसडीवर ओपनमीडियाव्हॉल्ट ही पीसीला असा स्टोरेज डबा बनवणारी मोफत लिनक्स प्रणाली टाका. डेटाची डिस्क वेगळी ठेवा.
२. ती डिस्क ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल पद्धतीत फॉरमॅट करा (जुना डेटा पुसला जातो). खरी मेख इथेच आहे. उद्या पीसी जळाला तरी डिस्क कुठल्याही लिनक्स संगणकाला लावा. लग्नाचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन जसेच्या तसे मिळतात.
३. शेअर्ड फोल्डर करून एसएमबी (घरातल्या इतर संगणकांवरून तो फोल्डर उघडण्याची सोय) चालू करा. राउटरला केबलनेच जोडा.

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, म्हणून पीसी पत्र्याखाली अजिबात नको. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवाच.