लपलेला खलनायक शोधताय? या चुका टाळा

आधी इशारा. पुढच्या मजकुरात 'वेस्टवर्ल्ड' आणि 'लोकी' यांचे पहिले सीझन, 'वांडाव्हिजन', 'डार्क', 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' आणि 'डॉक्टर हू'चे २००७ व २०२४ चे सीझन यांतली गुपितं उघड केली आहेत. यातलं काही बघायचं राहिलं असेल तर आधी ते बघा.

मालिकेतला लपलेला खलनायक आधीच ओळखून 'थिअरी' मांडायची, हा खेळ खरं तर नाशिककराला नवा नाही. पंचवटीत सोन्याचं हरीण आलं तेव्हा सगळ्यात आधी थिअरी मांडली ती लक्ष्मणानं. वाल्मीकी रामायणात तो सरळ सांगतो की हा मारीच आहे. कारणंही देतो: रत्नांनी मढलेलं हरीण पृथ्वीवर नसतंच, आणि शिकारीला आलेल्या राजांना असं रूप घेऊन मारण्याची मारीचाची जुनी खोड आहे. म्हणजे एक पुरावा जगाच्या नियमाचा, दुसरा पात्राच्या सवयीचा. थिअरी शंभर टक्के बरोबर निघाली आणि तरी सीतेचं हरण झालंच. कारण हरीण फक्त भुलवायला आलं होतं, खरा डाव भिक्षेकऱ्याच्या वेशात मागे उभा होता. मालिकांच्या थिअऱ्या फसतात त्या बऱ्याचदा इथेच.

पहिली चूक: खलनायक कोणत्या प्रकारे लपलाय, हेच न ठरवणं

लपण्याचे ढोबळ तीन प्रकार आहेत आणि प्रत्येकाला पुरावा वेगळा लागतो.

एक, ओळखीचा चेहरा, पण ओळख खोटी. 'वांडाव्हिजन'मधली शेजारीण अ‍ॅग्नेस ही अगाथा हार्कनेस निघते, ती या प्रकारातली. इथे पुरावा पडद्यावर आधीच असतो, कारण पात्र पहिल्यापासून समोर वावरत असतं.

दोन, नायक किंवा सज्जन माणूसच, पण दुसऱ्या काळातला. 'वेस्टवर्ल्ड'मधला भाबडा विल्यम आणि काळ्या कपड्यातला क्रूर म्हातारा हे एकच, मध्ये सुमारे ३० वर्षं. 'डार्क'मधला अ‍ॅडम म्हणजे म्हातारा योनासच. इथे चेहरा शोधून उपयोग नाही, काळाचा हिशेब मांडावा लागतो.

तीन, पडद्यावर समोर न आलेला. 'लोकी'च्या पहिल्या सीझनमध्ये सहापैकी शेवटच्या भागात, सगळी व्यवस्था मागून चालवणारा 'ही हू रिमेन्स' पहिल्यांदा समोर येतो. आधीचे पाच भाग पॉज करकरून पाहिले तरी तो कोपऱ्यात सापडणार नाही. या प्रकारात प्रश्न 'कोण' असा नसतो. 'ही व्यवस्था कुणाच्या फायद्याची आहे' असा असतो.

थिअरी लिहिण्याआधी वहीत यातला एक आकडा टाका. तिसऱ्या प्रकाराला पहिल्या प्रकाराचे पुरावे लावले की निष्पाप शेजारी, दुकानदार, वॉचमन सगळे संशयित होतात.

दुसरी चूक: अक्षरांच्या उलटापालटीवर इमारत बांधणं

ही चूक सगळ्यात गोड, म्हणून सगळ्यात जास्त होते. इंग्रजी नावातली अक्षरं फिरवायची आणि दुसरं नाव काढायचं. कधी ते जमतंही: 'वेस्टवर्ल्ड'मधल्या बर्नार्ड लोव या नावातली ११ अक्षरं हलवली की अर्नॉल्ड वेबर तयार होतं, आणि बर्नार्ड हा अर्नॉल्डच्या नमुन्यावर बनवलेला यंत्रमानव असतो. असं एक उदाहरण मिळालं की माणूस पुढे दहा वर्षं नावं फिरवत बसतो.

आता उलट बाजू. २००७ मध्ये 'डॉक्टर हू'त मिस्टर सॅक्सन हा डॉक्टरचा जुना शत्रू मास्टर निघाला. चाहत्यांनी दाखवलं की 'मिस्टर सॅक्सन'ची अक्षरं फिरवली की 'मास्टर नंबर सिक्स' (इंग्रजीत Master No Six) होतं, आणि हा मास्टर मोजला तर सहावा होता! लेखक रसेल टी. डेव्हिस यांनी तो निव्वळ योगायोग असल्याचं सांगितलं. ११ अक्षरं तंतोतंत जुळूनही योगायोगच.

२०२४ मध्ये त्याच मालिकेनं या सवयीचाच सापळा लावला, तो जवळून बघण्यासारखा आहे. प्रत्येक भागात वेगवेगळ्या भूमिकेत एकच बाई दिसत होती. शेवटी ती सुझन ट्रायड या नावानं, एका तंत्रज्ञान कंपनीची मालकीण म्हणून समोर आली. एस ट्रायड, म्हणजे अक्षरं फिरवून टार्डिस, डॉक्टरचं यान! शिवाय डॉक्टरच्या नातीचं नाव सुझन, मग हीच ती नात. सगळं जमून आलं. पण कथेतल्या पात्रांनीच ती उलटापालट आधी ओळखली होती आणि तो सापळा असल्याचं त्यांनाही वाटत होतं. खरी गोम उच्चारात होती. सुझनचं लाडकं रूप सू, कंपनी टेक. सू टेक. मोठ्यानं म्हणा: सुतेख. १९७५ च्या कथेतला तोच मृत्यूचा देव, आणि आवाजही त्याच गॅब्रिएल वुल्फ यांचा. तिसऱ्या प्रकारातला खलनायक, आणि सुझन हे त्याचं सोन्याचं हरीण. लेखकानं डोळ्यासाठी एक खूण ठेवली होती आणि कानासाठी दुसरी.

तपासणी अशी करा: त्याच मालिकेतली आणखी पाच नावं घ्या, प्रत्येकाला दहा मिनिटं द्या. त्यातल्या दोन-तीन नावांतूनही काहीतरी 'अर्थपूर्ण' निघालं, तर तुमच्या खुणेची किंमत शून्य. आणि नाव नेहमी मोठ्यानं वाचून बघा.

तिसरी चूक: कॉमिक्समध्ये आहे म्हणून मालिकेत असणारच

जानेवारी ते मार्च २०२१, 'वांडाव्हिजन'चे नऊ भाग. दर आठवड्याला मेफिस्टो नावाच्या सैतानाची वाट पाहिली गेली. कॉमिक्समध्ये वांडाच्या जुळ्या मुलांशी त्याचा संबंध आहे, दुसऱ्या भागात सैतानावरून एक टोमणा आहे, आणि अ‍ॅग्नेस ज्याच्या नावानं सतत कुरकुर करते तो नवरा रॅल्फ कधी दिसतच नाही. मग रॅल्फ म्हणजेच मेफिस्टो! शेवटच्या भागात रॅल्फ बोहनर सापडला. वांडाचा भाऊ म्हणून वावरणारा, अगाथाच्या मुठीतला साधा रहिवासी. मेफिस्टो आलाच नाही.

पुरावा खरं तर समोर पडला होता. चौथ्या भागात तपास पथकाच्या फळ्यावर रहिवाशांच्या फोटोंना त्यांची खरी ओळखपत्रं जोडलेली दिसतात, अ‍ॅग्नेसच्या फोटोला मात्र ओळखपत्र नाही. पाचव्या भागात ती प्रसंग मध्येच थांबवून वांडाला विचारते की हे पुन्हा पहिल्यापासून घेऊ का. गावातली बाकी माणसं वांडाच्या मंत्राखाली आहेत, त्यांना आपण नाटक करतोय याचं असं भान नसतं. हिला आहे. जगाचा नियम हिच्यापुरता मोडतोय. सातव्या भागात उलगडा होण्याच्या दोन आठवडे आधी हे सगळं हातात होतं.

तीन महिन्यांनी 'लोकी'च्या पहिल्याच भागात चर्चच्या रंगीत काचेवर शिंगवाला सैतान दिसला आणि पुन्हा मेफिस्टो सुरू. दिग्दर्शक केट हेरन यांनी त्याचा मेफिस्टोशी संबंध नसल्याचं स्पष्ट केलं. ते शिंगांचं चित्र कथेत शिंगांचा मुकुट घालणाऱ्या सिल्वीकडे, म्हणजे लोकीच्याच स्त्रीरूपाकडे, बोट दाखवत होतं. माणसाला एकदा मेफिस्टोची सवय लागली की शिंगं दिसतात, मुकुट दिसत नाही.

पुराव्याचं वजन

हा वजनकाटा वापरून बघा. जगाचा नियम एका पात्रापुरता मोडतोय: ३ गुण. पात्राची सवय वेगवेगळ्या भागांत पुन्हा पुन्हा दिसते: २. कपडा, जखम, वस्तू, लोगो: १. नाव, रंग, घड्याळातली वेळ: ०, दुसरा पुरावा मिळेपर्यंत. बेरीज सहाच्या खाली असेल तर ती थिअरी नव्हे, गंमत. गंमत म्हणून जरूर टाका.

बर्नार्डवर हा काटा लावा. 'वेस्टवर्ल्ड'च्या पहिल्याच भागात नियम कळतो की जे यंत्रमानवांना दाखवायचं नाही ते त्यांना दिसतच नाही. फोटो समोर धरला तरी 'मला यात काहीच दिसत नाही' असं ते म्हणतात. सातव्या भागात बर्नार्डला समोरचं दार दिसत नाही, आणि स्वतःचाच आराखडा हातात असताना तो तेच वाक्य म्हणतो. इथे नावाची अक्षरं फिरवायची गरजच उरत नाही. २०२१ च्या डिसेंबरात नाशिकला झालेल्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष जयंत नारळीकर होते. त्यांच्या कथांवर वाढलेल्या वाचकाला 'इथे नियम कोणता आणि तो मोडला कुठे' हे विचारायला वेगळं शिकवावं लागू नये.

काळाचा तक्ता न करता बोलणं

दुसऱ्या प्रकारच्या खलनायकासाठी याला पर्याय नाही. एका शीटमध्ये सहा रकाने करा: भाग क्रमांक, मिनिट-सेकंद, ठिकाण, सोबत कोण, अंगावरचे कपडे व जखमा, दिसलेला लोगो किंवा यंत्र. एका भागाला साधारण २५ ते ३० ओळी लागतात. मग शीट पात्रानुसार लावा.

संपादनात दोन दृश्यं शेजारी ठेवली म्हणून ती एकाच दिवशी घडली असं आपण धरून चालतो, आणि 'वेस्टवर्ल्ड'नं नेमकं तेच वापरलं. विल्यमच्या दृश्यांत यंत्रमानवांच्या करमणूक पार्कचा जुना लोगो आणि इतरत्र नवा, हे चाहत्यांनी हेरलं. यंत्रमानव डोलोरेस दोन्हीकडे तशीच दिसते. यंत्राला वय नसतं, म्हणून तिच्यावरून काळ मोजणारे फसले. 'डार्क'मध्ये तर ३३ वर्षांच्या उड्या आहेत, तक्त्याशिवाय तिसऱ्या भागातच गळपटायला होतं.

तक्त्यात एखादी गोष्ट एकदाच विसंगत दिसली तर ती चूक समजा. तीनदा दिसली तर खूण. २०१९ मध्ये एका गाजलेल्या मालिकेत मध्ययुगीन टेबलावर कॉफीचा कप राहून गेला होता आणि नंतर तो काढून टाकला गेला. त्याचा अर्थ काळप्रवास नव्हता.

'सगळं पहिल्यापासून ठरलेलं असणार'

नसतं. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'च्या सुरुवातीच्या श्रेयनामावलीत सायलॉन यंत्रमानवांकडे योजना आहे असं ठासून सांगितलं जायचं. पण शेवटचे पाच सायलॉन कोण, हे लेखकांनी पुढे जाऊन ठरवलं. चार जण मार्च २००७ मध्ये उघड झाले, पाचवी एलन टाय जानेवारी २००९ मध्ये. मधल्या काळात पहिल्या सीझनमधल्या नजरा आणि वाक्यं पुरावे म्हणून दाखवली गेली. ती लिहिली गेली तेव्हा लेखकांनाच उत्तर माहीत नव्हतं.

त्यातली आकड्याची गंमत बघा. शॅरन ही सायलॉन मॉडेल क्रमांक आठ ठरून बसली होती. उघड झालेली सात मॉडेल्स १ ते ६ आणि ८. मग क्रमांक सात कुठे? भोक बुजवायला डॅनियल नावाचं नष्ट झालेलं मॉडेल आणलं. लगेच थिअरी आली की डॅनियल म्हणजे वैमानिक नायिका स्टारबकचा बाप. निर्माते रोनाल्ड मूर यांना तसं नाही म्हणून सांगावं लागलं. ठिगळाला नक्षी समजण्याचा याहून चांगला नमुना नाही.

म्हणून प्रत्येक पुराव्यापुढे भाग क्रमांक लिहाच. काही आठवड्यांत संपणाऱ्या एका सीझनच्या मालिकेत पहिल्या भागातली खूण भारी. पाच-सहा वर्षं चाललेल्या मालिकेत उलगड्याच्या आधीच्या चार-पाच भागांतली खूण जास्त विश्वासाची.

हिंदी डबवर विसंबणं

डबमध्ये शब्दखेळ मरतात हे झालंच, पण त्याहून मोठा घोटाळा लिंगाचा. इंग्रजीत 'कुणीतरी आत आलं' हे लिंग न सांगता म्हणता येतं. हिंदी क्रियापदाला 'आया' की 'आयी' ठरवावं लागतं. त्यावरून 'खलनायक पुरुष आहे' असा निष्कर्ष काढू नका, तो अनुवादकाचा अंदाज असू शकतो. निर्णायक प्रसंग मूळ आवाजात, मूळ भाषेच्या सबटायटलसह एकदा आणि सबटायटल बंद करून एकदा ऐका.

मराठीत थिअरी लिहिताना तीच अडचण आपल्यावर येते. 'ती आली' लिहिलं की अर्धा उलगडा झाला. सोय मराठीतच आहे. सकर्मक भूतकाळ वापरा: 'कोणीतरी दार उघडलं', 'संशयितांनी फाइल चोरली' यांत क्रियापद दाराच्या नि फाइलच्या मागे जातं, करणारा की करणारी ते कळत नाही. सर्वनाम लागलंच तर 'त्यांनी'. 'संशयित' हा शब्द दोन्हीकडे चालतो, 'खलनायक' चालत नाही.

अडलं तर

प्रत्येक पात्र संशयित वाटतंय: पुरावे नव्हे, अट लिहा. 'पुढच्या दोन भागांत अमुक घडलं तर माझी थिअरी चूक' असं एक वाक्य तारखेसह. ते लिहिता येत नसेल तर थिअरी अजून झालेलीच नाही.

खलनायक सापडला, पण अजून तीन भाग बाकी आहेत: हरीण सापडलंय. आता त्याला पाठवलं कुणी ते बघा.

ट्रेलरमधलं वाक्य भागात आलंच नाही: ट्रेलर वेगळ्या हातांनी, वेगळ्या हेतूनं कापलेला असतो. त्याला अर्ध्या गुणाहून जास्त देऊ नका.

ग्रुपवर स्पॉयलरवरून भांडण: अमेरिकेत रविवारी रात्री नऊला (पूर्व किनारा) येणारा भाग आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसहाला येतो, तिकडच्या हिवाळ्यात साडेसातला. पॅसिफिक वेळेनुसार मध्यरात्री येणारा दुपारी साडेबाराला किंवा दीडला. तेव्हा सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पहिली शिफ्ट लागलेली असते. मेसेजची पहिली ओळ फक्त मालिकेचं नाव आणि भाग क्रमांक ठेवा, मग दहा-बारा ओळी नुसते टिंब. नोटिफिकेशनमध्ये वरच्या ओळीच दिसतात. आणि नाव लिहिल्यावर पुढे तोंड झाकणारं माकड टाकू नका, त्यानं सगळं कळतं.