एनबीए जॅम खेळताय? टर्बोवरचं बोट उचला, आणि या चुका टाळा

मे महिन्यात सोलापुरात दुपारी बारानंतर क्रिकेटचं नाव काढलं तरी घरचे ओरडतात. मग आम्ही भावंडं चादर अंथरून एनबीए जॅम लावतो. मिडवे कंपनीचा हा बास्केटबॉलचा व्हिडिओ गेम १९९३ मध्ये आर्केडला (नाणं टाकून खेळायच्या मशीनवर) आला, १९९४ मध्ये सुपर निन्टेन्डो आणि सेगा जेनेसिस या घरच्या कन्सोलवर. दोघांविरुद्ध दोघं, फाउलची भानगड नाही. सोपा दिसतो म्हणूनच नवा माणूस दणकून आपटतो.

त्याचं कारण बहुतेक वेळा टर्बो, म्हणजे वेग वाढवायचं बटण. त्यावरून तो बोट उचलतच नाही, मग टर्बोचं मीटर संपतं आणि समोरचा बास्केटकडे निघाला की आपण नुसतं बघत बसतो. टर्बो लागतो तो डंक मारताना (उडी घेऊन बॉल थेट बास्केटमध्ये घालताना) आणि समोरच्याला ढकलून बॉल काढताना. मधलं कोर्ट साधंच पळा, तेवढ्यात मीटर भरतं. शॉटचं बरोबर उलटं. तिथे लोक बटण टचकन दाबून सोडतात. दाबून धरा, खेळाडू उडीच्या टोकाला पोचला की सोडा.

एकाच खेळाडूने लागोपाठ तीन बास्केट केल्या की तो पेटतो, बॉलला आग लागते, टर्बो संपत नाही. माझा मावसभाऊ दोन झाल्या की हमखास साथीदाराला पास देतो. चांगुलपणा इथे कामाचा नाही.

समोरच्याच्या शॉटचा बास्केटकडे खाली येणारा बॉल हवेत अडवू नका, ती बास्केट समोरच्यालाच मिळते. (पेटलेल्या खेळाडूला हे माफ आहे.)

आपण बरेच पुढे गेलो की समोरच्याचे शॉट अचानक पडायला लागतात. रिमोटला शिव्या देऊ नका. मागे पडलेल्याला गेमच हात देतो. ऑप्शन्समध्ये जाऊन कॉम्प्युटर असिस्टन्स बंद करा. पास दिल्यावर बॉलबरोबर आपला माणूसही बदलायला हवा असेल तर तिथेच टॅग मोड चालू करा.

आता मशीनचं. एलईडी टीव्हीवर बटण दाबल्यावर उशीर होत असेल तर टीव्हीचा गेम मोड लावा. अमेरिकेहून आणलेल्या कन्सोलचा अडॅप्टर १२० व्होल्टचा असतो, आपल्याकडे २३०. आमच्या काकांनी तो थेट सॉकेटात घातला आणि घरभर जळका वास. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आधी घ्या. स्वस्तातल्या आठ बिटच्या मशीनसाठी कोणी जॅमची कॅसेट दाखवली तर घेऊ नका, निन्टेन्डोच्या टीव्हीला जोडायच्या आठ बिटच्या मशीनवर हा गेम अधिकृतपणे आलाच नव्हता.

आणि कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची सवय सोडा, थुंकीच्या ओलाव्याने कॅसेटच्या धातूच्या पट्ट्या गंजतात. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, कापसाच्या काडीने पुसा, पूर्ण वाळल्यावरच कॅसेट लावा. मे महिन्यात आपल्याकडे त्याला वेळ लागत नाही.