कोर्सिराच्या पेटीत दाटी झाली, तर पतंगाची शिदोरी आटते : या चुका टाळा

ट्रायकोकार्डासाठी (किडींच्या अंड्यांवर जगणाऱ्या ट्रायकोग्रामा या मित्रकीटकाचे कार्ड) लागणारी अंडी कोर्सिरा या साठवणीच्या धान्यातील ज्या पतंगापासून मिळतात, त्याचे प्रौढ आयुष्य काही दिवसांचेच असते. उडणे, मीलन आणि अंडी घालणे यांचा बहुतेक खर्च तो अळी असताना मेदपिंडात, म्हणजे शरीरातील साठवणीच्या ऊतीत, साठवलेल्या चरबीतून व ग्लायकोजेनमधून (साठवणीची शर्करा) भागवतो. त्यामुळे अंडी कमी पडू लागली, की अंडी घालण्याच्या पिंजऱ्यात दोष शोधण्याआधी सुमारे दीड महिन्यापूर्वी अळ्या वाढवण्याची पेटी कशी भरली होती, ते तपासावे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे अधिक पतंगांच्या आशेने अधिक अंडी टाकणे. सुमारे 2.5 किलो भरडलेल्या बाजरीला 0.5 सीसी (घन सेंटिमीटर), म्हणजे साधारण 9 ते 10 हजार अंडी, हे रूढ प्रमाण आहे. ते दुप्पट केले, तर प्रत्येक अळीच्या वाट्याचा भरडा निम्मा होतो, उरलेल्यात जाळी आणि विष्ठा मिसळते, अळ्यांच्या हालचालीने पेटी आतून तापते, आणि अळी पुरेसे वजन भरण्याआधीच कोषात जाते. अशा कोषांतून बाहेर येणाऱ्या लहान माद्यांच्या पोटात अंडी कमी असतात. पेट्यांची नोंद बहुधा पतंगांच्या संख्येवरच ठेवली जात असल्याने हे नुकसान कागदावर दिसतच नाही.

भरड्यात हात घातल्यावर तो ऊबदार लागला, तर पेटीतील माल लगेच दोन पेट्यांत विभागावा आणि ताजा भरडा मिसळावा. शेवटच्या अवस्थेतील अळीच सर्वाधिक खाते, त्यामुळे कोष दिसू लागल्यावर केलेली भर बव्हंशी वाया जाते. पिंजऱ्यात मधाचा बोळा टांगणे हाही उपाय म्हणून पुरेसा नाही, कारण मधातून साखर मिळते, पण अळीपणी न मिळालेली प्रथिने मिळत नाहीत.

दाटीचा परिणाम तपासण्यासाठी प्रयोगात पतंगांची चरबी मोजणाऱ्यांच्या चुका वेगळ्या असतात. मादी नरापेक्षा मोठी असते आणि तिच्या चरबीचा बराच भाग अंड्यांत उतरलेला असतो. नर-मादी एकत्र मोजल्यास, किंवा अंडी घालून झालेली मादी ताज्या मादीसोबत ठेवल्यास, दाटीचा परिणाम आणि वयाचा परिणाम वेगळा काढता येत नाही. केवळ टक्केवारी देणेही फसवे ठरते, कारण लहान पतंगात चरबीचे प्रमाण तेवढेच असले तरी एकूण साठा कमी असू शकतो. म्हणून शुष्क वजन आणि चरबीचे मिलिग्रॅम दोन्ही लिहावेत. नमुनेही एकाच दिवशी निघालेल्या पतंगांतून न घेता पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या दिवसांतून घ्यावेत.

येथील निष्कर्ष लष्करी अळीला सरसकट लावू नयेत. तिथे अन्न मुबलक असतानाही केवळ एकमेकींच्या सहवासाने अळ्या काळसर होतात आणि त्यांचे वर्तन बदलते. म्हणून प्रयोगात दाटी आणि उपासमार हे दोन घटक वेगवेगळ्या पेट्यांत तपासावे लागतात.