लांबची भटकंती आणि कच्ची वाट: दोन्हींना पुरणारी ई-सायकल कशी निवडावी

इंदूरहून कुठल्याही दिशेला सायकल काढली तरी पहिले वीस-पंचवीस किलोमीटर सोपेच जातात. माळव्याचं पठार, डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना गहू नाहीतर सोयाबीन. कस लागतो तो पुढे: महूच्या पलीकडे जानापावचा चढ, सिमरोलहून चोरलकडे उतरणारा घाट, पातालपानीच्या आसपासची सुटी खडी, आणि पावसाळ्यात शेतांमधली काळी माती. सायकल निवडायची ती या तुकड्यांकडे बघून. दुकानात मात्र बोलणं सुरू होतं "एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर" इथून, आणि तो आकडा सपाट रस्ता, हलका माणूस आणि सगळ्यात कमी असिस्ट (मोटरची मदत) धरून काढलेला असतो.

1. आधी वाट कागदावर मांडा

बॅटरीची ताकद अँपिअर-अवर्समध्ये मोजू नका, वॅट-अवर्समध्ये मोजा. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर, एवढंच गणित. 36 व्होल्ट 10 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे 360 वॅट-अवर. 48 व्होल्ट 14 अँपिअर-अवरची म्हणजे 672.

आता खर्च धरा. डांबरी रस्त्यावर सामानासह, मध्यम असिस्टवर, किलोमीटरला 8 ते 10 वॅट-अवर. कच्च्या वाटेवर 15. घाटाचा हिशेब मात्र वेगळा करायचा, कारण तिथे अंतरापेक्षा उंची जास्त खाते.

महेश्वरहून इंदूरला परत यायचं उदाहरण घ्या. अंतर सुमारे 90 किलोमीटर, आणि नर्मदेच्या काठावरून माळव्यावर चढायचं म्हणजे 400 मीटरहून जास्त उंची. सायकलस्वार 70 किलो, सायकल 25, सामान 15, एकूण 110 किलो. हे वजन 400 मीटर वर न्यायला 120 वॅट-अवर लागतात. मोटरमधली घट धरली तर 150 ते 160. निम्मं काम पायांनी केलं तर बॅटरीवर 80. नव्वदही किलोमीटर मोटर चालू ठेवली तर, किलोमीटरला 8 धरून, 720 अधिक 80, म्हणजे 800 वॅट-अवर, आणि एवढी बॅटरी क्वचितच मिळते. पण सपाटीवरचे 40 किलोमीटर मोटर बंद ठेवली तर 400 अधिक 80, म्हणजे 480. बॅटरी तळापर्यंत उपसायची नसते, 85 टक्केच वापरायची. म्हणून 565 वॅट-अवर हाताशी हवेत. 500 ची बॅटरी इथे थोडक्यात कमी पडते, 672 ची आरामात पुरते.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. मोटर बंद असताना जी सायकल ओढवत नाही, ती लांबच्या भटकंतीला निरुपयोगी आहे. म्हणून 25 किलोच्या वर जाऊ नका, आणि "गिअरलेस" म्हणून विकली जाणारी हब मोटर (चाकाच्या मधोमध बसणारी) टाळा. मोटर बंद असताना तिच्यातले चुंबक चाकाला मागे खेचत राहतात.

2. मोटर: हब की मधली?

आपल्याकडे स्वस्त सायकलींत बहुतेक मागच्या चाकात बसवलेली हब मोटर असते. सपाटीला ती उत्तम. घाटात तिचं दुखणं कळतं. तिचा वेग चाकाला बांधलेला असतो. 25 किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला साधारण 190 फेरे घेतं. तीव्र चढावर वेग 8 वर आला की जेमतेम 60. इतक्या हळू फिरताना मोटर वीज तेवढीच ओढते, पण तिचा मोठा भाग उष्णतेत जातो. दहा-पंधरा मिनिटं असं चाललं की कंट्रोलर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा भाग) ताकद कमी करतो, आणि तसं संरक्षण नसलेल्या मोटरमधले नायलॉनचे दाते मऊ पडून झिजतात.

पेडलच्या अक्षावर बसणारी मधली मोटर चेनमधून जोर लावते, म्हणून सायकलचे गिअर तिलाही मिळतात. तुम्ही हलका गिअर टाकला की मोटरही आरामात फिरते. जानापावसारखे चढ वरचेवर करायचे असतील तर जास्त पैसे मोजून हीच घ्या. बदल्यात चेन आणि कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) लवकर झिजतात. चढावर पेडलवर पूर्ण जोर असताना गिअर बदलला तर चेन तुटू शकते. बदलताना क्षणभर पाय हलका करायची सवय लावावी लागते.

हब मोटर घ्यायची ठरली तर टॉर्क (फिरवण्याचा जोर) 40 न्यूटन-मीटरच्या आसपास हवा आणि गिअर नीट हवेत. तपासणी सोपी आहे: पुढच्या सगळ्यात लहान चेनव्हीलचे दात मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राच्या दातांपेक्षा जास्त नसावेत. पुढे 42 आणि मागे 28 असेल तर ती सायकल शहरापुरतीच.

सेन्सर विचारायला विसरू नका. साधा सेन्सर पेडल फिरतंय एवढंच बघतो: पाऊण फेरा मोटर गप्प, मग एकदम धक्का. खडीवर त्या धक्क्याने मागचं चाक घसरतं. टॉर्क सेन्सर पायाचा जोर मोजून तेवढीच मदत देतो. कच्च्या वाटेसाठी त्यावर खर्च केलेला प्रत्येक रुपया वसूल होतो.

कायद्याचं थोडक्यात: 250 वॅटपेक्षा कमी शक्तीची मोटर आणि ताशी 25 किलोमीटर वेगाला थांबणारी मदत, या मर्यादेतल्या सायकलीला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. दुकानदार वेगाचं "लॉक काढून देतो" म्हणाला तर नको म्हणा. मग ती कायद्याने मोटार वाहन ठरते.

3. काळी माती आणि टायरमधली जागा

माळव्याची काळी माती ओली झाली की टायरला नुसती लागत नाही, तिचे थर चढतात. गवत आणि खडे पोटात घेऊन ती मडगार्डखाली, फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) कमानीत घट्ट बसते, आणि चाक फिरायचंच थांबतं. साध्या सायकलीवर आपण उतरतो. ई-सायकलीवर मोटर जोर लावत राहते. हब मोटर अडकलेल्या चाकात वीज ओतते आणि तापते, मधली मोटर चेन ताणते.

म्हणून दुकानात टायर आणि फ्रेममध्ये बोट घालून बघा. दोन्ही बाजूंना आणि वर बोटभर, म्हणजे 10 ते 12 मिलिमीटर, जागा हवी. मडगार्ड पान्ह्याशिवाय निघणारं हवं. टायर 27.5 किंवा 29 इंची, 2.1 ते 2.4 रुंदीचे, मोकळ्या गुट्ट्यांचे. हवा डांबरावर 35 ते 40 पीएसआय, खडीवर 25 ते 28. मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह घ्या, म्हणजे सिमरोलच्या पंक्चरवाल्याकडेही हवा भरता येईल. बाभळीच्या काट्यांसाठी ट्यूबमध्ये सीलंट घालून ठेवा.

परतल्यावर चिखल वाळू द्या, खरवडा, मग साध्या पाण्याने धुवा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप मोटरच्या सीलवर कधीही मारू नका.

4. ब्रेक, फोर्क, कॅरिअर

घाट उतरताना 110 किलो थांबवायचे असतात. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, पुढची डिस्क 180 मिलिमीटर. चिखलात मऊ ऑरगॅनिक पॅड भराभर झिजतात, धातूमिश्रित बसवून घ्या.

फोर्कला 100 ते 120 मिलिमीटर प्रवास (दबण्याची लांबी) आणि ते दबणं बंद करणारा लॉक पुरेसा आहे. मागचा शॉक नको, कारण त्या फ्रेमवर कॅरिअर नीट बसत नाही. मागच्या अक्षाजवळ आणि सीटखाली कॅरिअरची भोकं आहेत ना, ते बघा. कॅरिअरवर भाराची मर्यादा कोरलेली असते. 25 किलोची घ्या, लादा 15.

5. मागचं चाक दुकानातच काढून बघा

बहुतेक लोक हे करत नाहीत आणि मग पंक्चर झाल्यावर रस्त्यात अडकतात. हब मोटरचं चाक साध्या चाकासारखं निघत नाही. दुकानदारासमोर स्वतःच्या हाताने काढा:

– बॅटरी बंद करून बाहेर काढा, चेन सगळ्यात लहान चक्रावर आणा.
– मोटरच्या वायरचा जोड बाणाच्या रेषेत सरळ ओढा. पिळलात तर आतल्या बारीक पिना वाकतात.
– वायर धरणारे प्लास्टिकचे पट्टे कापा (प्रवासात पाच-सहा जादा ठेवा).
– नट सैल करा, बहुधा 18 नंबरचा पान्हा लागतो. वॉशरचा क्रम मोबाइलवर टिपून घ्या.
– बसवताना नाक असलेला वॉशर फ्रेमच्या खाचेत बसलाच पाहिजे, आणि वायर अक्षातून खालच्या बाजूला निघाली पाहिजे. वर राहिली तर पावसाचं पाणी तिच्यावरून थेट मोटरमध्ये ओघळतं.
– नट 35 ते 40 न्यूटन-मीटर आवळा.

तो वॉशर चुकला किंवा नट सैल राहिला तर चढावर अक्षच फिरतो आणि वायर मुळापासून पिळून तुटते. अशी मोटर वाटेत दुरुस्त होत नाही.

6. बॅटरी आणि चार्जर

बॅटरी काढता यावी, किल्लीने लागावी आणि खोलीत नेता यावी. चार्जर 2 अँपिअरचा असेल तर 672 वॅट-अवरला सात-आठ तास लागतात. महेश्वरच्या लॉजमध्ये रात्रभरात होईल, पण महूला जेवणाच्या वेळेत अर्धवटही भरणार नाही. कंपनीचाच 4 अँपिअरचा चार्जर मिळत असेल तर घ्या. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो. उन्हातून आल्यावर बॅटरी तासभर सावलीत थंड होऊ द्या, मगच चार्जिंगला लावा. 45 अंशांच्या वर तापलेले सेल चार्ज केले की त्यांचं आयुष्य घटतं. महिनाभर सायकल काढायची नसेल तर निम्मी भरून ठेवा.

नव्या बॅटरीची आजची किंमत आणि ती किती दिवसांत मिळेल, हे दुकानदाराकडून लिहून घ्या.

7. चाचणी

दुकानासमोरच्या गल्लीत फेरी मारून काही कळत नाही. बिजासन टेकडीचा चढ मागा, आणि पाठीवर दहा किलोची पिशवी घ्या. चढाच्या मधोमध थांबून पुन्हा निघा. ब्रेक बोटाने नुसता दाबला तरी मोटर तिथल्या तिथे बंद होते का बघा. उतरताना गतिरोधकावर बॅटरीचा खडखडाट ऐका. आज खडखडणारी बॅटरी खडीवर संपर्क सोडते आणि मोटर मधेच बंद पडते. शेवटी मोटर बंद करून एक किलोमीटर चालवा, आणि सायकल उचलून चार पायऱ्या चढा.

घरी आणल्यावर पहिल्या 100 किलोमीटरनंतर मागच्या चाकाचे आरे तपासून घ्या. मोटरच्या ओढीने ते सुरुवातीलाच सैल होतात, आणि एक तुटला की शेजारचेही जातात.